अठ्ठेचाळिसाव्या वर्षीचा कॅमेरा

१८६३ च्या डिसेंबरातली गोष्ट. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. तिथल्या फ्रेशवॉटर गावात एका आईला तिच्या मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. नवरा कॉफीच्या मळ्यांची व्यवस्था पाहायला सिलोनला गेलेला, मुलगी सासरी, मुलगे कुणी शाळेत तर कुणी दूरदेशी. एकटेपणात आईला थोडा विरंगुळा होईल, एवढाच त्या भेटीमागचा हेतू. आईचे वय अठ्ठेचाळीस. नाव ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन. आडनाव कॅमेरॉन आणि भेट कॅमेऱ्याची, हा निव्वळ योगायोग.

पुढच्या पंधरा वर्षांत कॅमेरॉनबाईंनी बाराशेच्या आसपास छायाचित्रे काढली. एकोणिसाव्या शतकातल्या व्यक्तिचित्रणाचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. छायाचित्रणाच्या पुस्तकांतून ही कथा बहुधा चमत्कारासारखी सांगितली जाते: उतारवयाकडे झुकलेल्या गृहिणीच्या हाती एक खेळणे पडले आणि ती कलावंत झाली. कथा ऐकायला छान आहे. उतारवयात नवा छंद धरणाऱ्याला धीर देणारीही आहे. पण ती फ्रेशवॉटरपासून सुरू केली तर निम्मीच कळते. सुरुवात कलकत्त्यापासून करायला हवी.

कॅमेरॉनबाईंचा जन्म ११ जून १८१५ चा, कलकत्त्याचा. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आई फ्रेंच वंशाची. शिक्षणाची काही वर्षे फ्रान्समध्ये गेली, पण घर कलकत्त्यालाच होते. १८३६ मध्ये प्रकृती सुधारावी म्हणून त्या दक्षिण आफ्रिकेतल्या केपला गेल्या. तिथे दोन माणसे भेटली. एक चार्ल्स हे कॅमेरॉन, मेकॉलेसोबत हिंदुस्थानच्या पहिल्या विधि आयोगात असलेले कायदेपंडित, वयाने त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे. दोन वर्षांनी कलकत्त्यात त्यांच्याशी लग्न झाले. दुसरे सर जॉन हर्शेल. हे खगोलशास्त्रज्ञ दक्षिण गोलार्धातल्या ताऱ्यांची नोंद करायला केपला आले होते. त्यांच्याशी जुळलेला स्नेह शेवटपर्यंत टिकला.

छायाचित्रणाच्या जन्माशी हर्शेल यांचा जवळचा संबंध आहे. प्रकाशाने उमटलेले चित्र कागदावर टिकून राहावे यासाठी ज्या रसायनाचा उपयोग पुढे दीड शतक होत राहिला, त्या हायपोचा गुण त्यांनीच ओळखला होता. इंग्रजीत ‘फोटोग्राफी’ हा शब्द रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १८४२ मध्ये त्यांनी कलकत्त्याला आपल्या मैत्रिणीकडे छायाचित्रांचे काही नमुने पाठवले. सूर्याने स्वतः काढलेली चित्रे पाहून सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणीला काय वाटले असेल, याचा अंदाजच करावा लागतो. पण ती आठवण पुसली गेली नाही. पुढे नाव झाल्यावर त्यांनी हर्शेल यांना लिहिले, की माझे पहिले गुरू तुम्ही आणि पहिली दृष्टी मला त्या नमुन्यांनी दिली.

म्हणजे नमुने पाहिल्यापासून कॅमेरा हाती येईपर्यंत एकवीस वर्षे गेली. त्या वर्षांत सहा मुले वाढली, अनाथ मुलांना घरात आसरा मिळाला. गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या पत्नी हिंदुस्थानात आल्या नव्हत्या, म्हणून कलकत्त्याच्या गोऱ्या समाजातले यजमानपणही बाईंनी सांभाळले. १८४८ मध्ये पती निवृत्त झाल्यावर कुटुंब इंग्लंडला गेले आणि १८६० पासून फ्रेशवॉटरला, कवी टेनिसन यांच्या शेजारी राहू लागले. दुसऱ्यांनी काढलेली छायाचित्रे त्या आवडीने जमवत, वह्यांत चिकटवून मित्रांना भेट देत. लोणचे बरणीत मुरावे तसे हे वेड आत मुरत होते. मुलीची भेट आली ती झाकण उघडण्यापुरती.

त्या काळी छायाचित्रण हा नाजूक छंद मुळीच नव्हता. काचेच्या पट्टीवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, चित्र घ्यायचे आणि थर वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायचे. मग त्या काचेवरून अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर, उन्हात ठेवून, छाप काढायचा. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत, कपड्यांवरचे डाग निघत नसत. कोळसा ठेवायच्या खोलीची बाईंनी अंधारखोली केली आणि काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. कोंबड्यांना मोकळे सोडले, त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात अशी आशा आहे, अशा अर्थाचा मिस्कील उल्लेख त्यांनी १८७४ मध्ये लिहायला घेतलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या आत्मकथनात केला आहे.

सुरुवात फसण्यापासूनच झाली. एका शेतकऱ्याला तासाला अडीच शिलिंग देऊन समोर बसवले. चित्र उमटले, पण आनंदाच्या भरात बाईंचा हात ओल्या थरावरून फिरला आणि ते पुसले गेले. जानेवारी १८६४ मध्ये ॲनी नावाच्या एका लहान मुलीचे चित्र पहिल्यांदा मनासारखे आले. त्या मुलीला काय बक्षीस द्यावे म्हणून बाई घरभर शोधत फिरल्या, जणू चित्र तिनेच काढले होते. त्याच दिवशी छाप काढून, चौकट घालून त्यांनी ते तिच्या वडिलांना दिले. त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले, की हे माझे पहिले यश.

उशिरा सुरुवात करणाऱ्याची घाई इथे दिसते. वर्षभरातच त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या, प्रदर्शनांत चित्रे पाठवू लागल्या, प्रत्येक चांगल्या चित्राचा स्वामित्वहक्क नोंदवू लागल्या. अशा नोंदी पाचशेच्या वर आहेत. तरुण शिकाऊ माणसाला आधी उस्तादाकडे उमेदवारी करावी लागते, कुणाच्या तरी पद्धतीने हात बसवावा लागतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तेवढी सवड नसते, आणि बाईंना तशी गरजही वाटली नाही.

यातूनच त्यांचा सगळ्यात मोठा वाद उभा राहिला. त्यांची चित्रे नेमकी, रेखीव नसत. चेहऱ्याची एक बाजू प्रकाशात, दुसरी अंधारात विरलेली; डोळे स्पष्ट, तर केस, खांदे, वस्त्रे धूसर. काचेवर कुठे बोटाचा ठसा, कुठे ओघळ, तेही तसेच ठेवलेले. व्यावसायिक छायाचित्रकार त्या वेळी कोटाच्या बटणापासून खुर्चीच्या नक्षीपर्यंत सगळे धारदार दिसण्याला कसब मानत होते. फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी बाईंना खडसावले. धाडसाचे कौतुक, पण या कलेच्या सर्व गुणांचा बळी देऊन केलेले धाडस, असा त्यांचा सूर होता. बाईंना भिंग नीट जुळवताच येत नाही, असेही म्हटले गेले.

बाईंचे म्हणणे वेगळे होते. भिंग पुढेमागे सरकवताना एका क्षणी समोरचे रूप मला सुंदर वाटते, तिथे मी थांबते. इतर लोक आणखी रेखीव करण्यासाठी पुढे जातात, मी जात नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. फोकस कुठला योग्य हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, असा प्रश्न त्यांनी हर्शेल यांना पत्रातून विचारला. पुढे त्यांनी मोठा कॅमेरा घेतला. त्याच्या काचा पंधरा इंच बाय बारा इंचाच्या, म्हणजे माणसाचा चेहरा जवळपास खऱ्याएवढा मावेल इतक्या. साधन बदलले, हात सरावला, तरी धूसरपणा राहिला. ती निव्वळ अडाण्याची चूक असती तर एव्हाना सुधारली असती.

वयाने त्यांना आणखी एक गोष्ट दिली होती: माणसे. टेनिसन शेजारी, त्यामुळे त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा कॅमेऱ्यासमोर ओढला जाई. १८६८ च्या उन्हाळ्यात डार्विन कुटुंबासह फ्रेशवॉटरला बाईंच्याच घरात भाड्याने राहायला आले, तेही सुटले नाहीत. चित्र घ्यायला काही मिनिटे लागत, तेवढा वेळ पापणी न हलवता बसायचे. थोरामोठ्यांना असे बसवून ठेवायला, वर दटावायला, ओळख जुनी लागते आणि वयाचा अधिकारही लागतो. १८६७ मध्ये त्या सगळा सरंजाम घेऊन हर्शेल यांच्या घरी गेल्या. तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. केस मोकळे भुरभुरावेत म्हणून बाईंनी त्यांना ते धुवायला लावले असे सांगतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या केसांचे वलय आणि थकलेले, तरी जागे डोळे. कलकत्त्याला पंचवीस वर्षांपूर्वी नमुने पाठवणाऱ्या गुरूची ती गुरुदक्षिणाच होती. ओळख पंचविशीची नसती तर हे चित्र असे आले नसते.

इथवर वाचून वाटेल, की उतारवयातल्या छंदाला लागते ते सगळे बाईंकडे होते: जुने वेड, बेडर मन, माणसांचा गोतावळा. आणखी एक गोष्ट होती, तिचा उल्लेख चरित्रांत ओघाओघात येतो. ती म्हणजे मोकळा वेळ, आणि तो कुठून आला हा प्रश्न.

फ्रेशवॉटरच्या त्यांच्या घराचे नाव डिंबोला. सिलोनमध्ये त्याच नावाच्या परिसरात कॅमेरॉन कुटुंबाचे कॉफीचे मळे होते. त्या बेटावर कॉफीची झाडे लावायला, वेचायला दक्षिण हिंदुस्थानातून तमिळ मजूर नेले जात. काच, रसायने, चांदीचे क्षार, भिंगे, यातले काहीच स्वस्त नव्हते. मळ्यांतले पैसे येत होते तोवर हा छंद चालला. घरात पाणी भरणारे, काचा उचलणारे हात होते, तेही पगारी. बाईंच्या चित्रांत पुन्हा पुन्हा माता मेरीच्या रूपात दिसणारी मेरी हिलियर ही घरातली मोलकरीण होती. कामातून काढून तिला समोर बसवले जाई.

दुसऱ्या मेरीची कथा तर हिंदुस्थानापर्यंत येते. मेरी रायन ही लंडनजवळच्या पटनी हीथवर आईबरोबर भीक मागताना बाईंना दिसली. त्यांनी तिला घरी आणले, शिकवले, कामावर ठेवले आणि चित्रांसाठी बसवले. लंडनमधल्या एका प्रदर्शनात हेन्री कॉटन या तरुणाने तिला पाहिले. १८६७ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि ते नोकरीसाठी बंगालला आले. हेच हेन्री कॉटन पुढे आसामचे मुख्य आयुक्त झाले. चहामळ्यांतल्या मजुरांची मजुरी वाढावी म्हणून त्यांनी मळेवाल्यांचा रोष ओढवून घेतला. १९०४ मध्ये मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

मळेवाल्यांचा रोष आणि छायाचित्रण यांचा आणखी एक सांधा आपल्याकडे आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, कलकत्ता आणि मद्रास येथे १८५६ मध्ये. तिथे जमणारे बहुतेक हौशीच होते: लष्करातले अधिकारी, डॉक्टर, व्यापारी. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्यांच्यातले एक, पेशाने डॉक्टर. कलकत्त्यात संशोधक राजेंद्रलाल मित्र सोसायटीचे खजिनदार होते. १८५७ मध्ये त्यांनी निळीच्या मळेवाल्यांवर जाहीर सभेत टीका केली, तेव्हा सोसायटीने त्यांना बाहेर काढले. छंद सर्वांसाठी खुला असतो असे म्हणतात. त्या काळच्या हौशी मंडळींत मात्र हौस कुणाच्या जिवावर चालते याबद्दल बोलणाऱ्याला जागा नव्हती.

या गोष्टीमुळे कॅमेरॉनबाईंची चित्रे कमअस्सल ठरत नाहीत. त्या स्वतः ऐषआरामात लोळत नव्हत्या. कोळशाच्या खोलीत उभ्या राहून हात काळे करत होत्या. पैशाची ओढाताणही वाढत गेली. १८६५ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, त्यांची चित्रे विकत घेतली. १८६८ मध्ये स्टुडिओसाठी दोन खोल्याही दिल्या. लंडनच्या दुकानांत छापे विकायला ठेवले जात. टेनिसन यांच्या सूचनेवरून त्यांच्या ‘आयडिल्स ऑफ द किंग’ या काव्यासाठी चित्रे काढली, ती १८७४-७५ मध्ये ग्रंथरूपाने आली. कमाई मात्र खर्चाला पुरली नाही. जत्रेला येणाऱ्यांत आपण हौशे, नवशे, गवशे असे तीन प्रकार मानतो. बाईंमध्ये तिन्ही होते. हौस पहिल्या दिवसापासूनची, सौंदर्याचा नवस बोलल्यासारखी निष्ठा, आणि घरखर्चाला काही हाती लागते का पाहणारा गवशेपणाही.

सिलोनमध्ये १८६९ पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडू लागला आणि काही वर्षांत मळे उजाड झाले. १८७५ मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला राहायला गेले. पती ऐंशीचे, बाई साठीच्या. मुलगे तिथेच होते, शिवाय राहणीचा खर्च कमी. कॅमेरा बरोबर होता. पण फ्रेशवॉटरचे पाहुणे नव्हते, छापे विकत घेणारे लंडन दूर राहिले. तिथली त्यांची मोजकीच चित्रे आज उपलब्ध आहेत. बहुतेकांत आसपासची माणसे आहेत, मळ्यांतले मजूर आणि गावकरी. २६ जानेवारी १८७९ रोजी बाईंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी पतीही गेले. दोघांच्या कबरी बोगवंतलावा येथल्या चर्चच्या आवारात आहेत, चारी बाजूंना मळ्यांचे डोंगर.

नंतरची कीर्ती सावकाश आली. १९१३ मध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी ‘कॅमेरा वर्क’मध्ये त्यांची चित्रे छापली. १९२६ मध्ये व्हर्जिनिया वुल्फ आणि रॉजर फ्राय यांनी त्यांच्या चित्रांचे पुस्तक काढले. वुल्फ यांची आई बाईंची भाची होती, आणि बाईंनी काढलेल्या सर्वांत देखण्या चेहऱ्यांपैकी एक तिचा आहे.

आज निवृत्तीनंतर कॅमेरा घेणारी माणसे आपल्या ओळखीत असतातच. हिवाळ्यात भल्या पहाटे भिगवणच्या पाणवठ्यावर रोहित पक्ष्यांसाठी लांबलचक भिंगे लावून बसलेल्यांत पांढरे केस पुष्कळ दिसतात. आता काच ओली ठेवावी लागत नाही, पाणी वाहायला कुणी लागत नाही, मळ्यांचे उत्पन्नही लागत नाही, पेन्शनमध्ये भागते. ही मोठीच गोष्ट आहे. या मंडळींच्या गप्पा ऐकल्या तर विषय बहुधा भिंगाचा असतो, चित्र किती धारदार आले याचा असतो. कॅमेरॉनबाईंना खडसावणाऱ्यांचेही तेच म्हणणे होते. साठ वर्षे जगून जमवलेली माणसे, त्यांच्याशी असलेली जुनी ओळख, त्यांना दटावून समोर बसवण्याचा हक्क, ही पुंजी कुठल्याही दुकानात मिळत नाही. ती घरात पडून असते. भावाचा चेहरा, जुन्या शेजारणीचा चेहरा, चाळीस वर्षे बरोबर काम केलेल्या सहकाऱ्याचा चेहरा रोहित पक्ष्याइतक्या धीराने पाहिला तर काय दिसेल, हे पाहून ठेवण्यासारखे आहे. ही माणसे दर हिवाळ्याला परत येणारी नाहीत.

आणि पाहताना चेहऱ्याखाली काय लिहायचे, हाही प्रश्न आहे. बाईंच्या सिलोनमधल्या अखेरच्या वर्षांतले एक चित्र आहे, कलुतारा येथल्या शेतकऱ्यांचे. त्यात एक मुलगी आहे आणि एक म्हातारा. चित्राखाली नोंद अशी, की मुलगी बारा वर्षांची आहे, म्हातारा आपण तिचा बाप असल्याचे सांगतो आणि आपले वय शंभर असल्याचेही सांगतो. नोंदीत किंचित अविश्वास आहे, किंचित कौतुक आहे. वय आहे, नाते आहे. नाव नाही. फ्रेशवॉटरच्या लहानग्या ॲनीचे नाव मात्र पहिल्या यशाबरोबर त्यांनी जपून लिहिले होते.

तरी त्या म्हाताऱ्याने शंभरीचा दावा परक्या बाईसमोर ठासून केला आणि तो तिला लिहून ठेवावासा वाटला, एवढे खरे. त्या वेळी त्या स्वतः साठी ओलांडलेल्या होत्या.